बुरशी धरलेलं मखर : कोकणातल्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

कोकण किनाऱ्यावरच्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, प्राचार्य आणि विभागप्रमुख यांना,

स.न.वि.वि.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे अपंगत्व आलेल्या माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. शिक्षण मुंबईत झालं, काम गुहागर तालुक्यातल्या वाड्यांमधून चालतं. दिवसाचं काम संपल्यावर आम्ही तिघं मिळून एक सहामाही नियतकालिक काढतो. त्याचा विषय एकच आहे: अपंगत्व आलेल्या माणसाचं पुनर्वसन त्याच्याच घरात, त्याच्याच वाडीत, त्याच्याच माणसांच्या हातून कसं होतं. आमच्या क्षेत्रात याला समाजाधारित पुनर्वसन किंवा नुसतं सीबीआर म्हणतात. नियतकालिक मराठीत निघतं, सोबत इंग्रजी सारांश असतो. दोन परीक्षकांनी तपासल्याशिवाय एकही लेख जात नाही. लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही घेत नाही. हे काम आता बंद पडायच्या बेतात आहे. ते चालू ठेवणं तुमच्या हातात आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पैशांचं नंतर बोलते. आधी एका खुर्चीविषयी सांगू द्या.

नियतकालिक सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. खाडीकडच्या एका वाडीत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेला चार वर्षांचा मुलगा होता. आधाराशिवाय त्याला बसता येत नव्हतं. आई त्याला मांडीत आडवा घेऊन भरवायची आणि दर दोन घासांना ठसका. अशा मुलाला पाठ सरळ, मान किंचित पुढे, गुडघे काटकोनात आणि तळपाय टेकलेले असं बसवता आलं, की घास नीट उतरतो, हात समोर येतात, समोरच्याकडे बघता येतं. बाजारात अशा खुर्च्या मिळतात, पण त्या त्या घराच्या ऐपतीच्या नव्हत्या आणि मुलाच्या मापाच्याही नव्हत्या. मग मी झिम्बाब्वेत रुजलेलं एक तंत्र करून पाहायचं ठरवलं. पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवायची, वजनाखाली दाबायची, कडक उन्हात वाळवायची. तयार झालेलं सामान लाकडासारखं टणक होतं. एप्रिलचा महिना होता, आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या हव्या तेवढ्या मिळाल्या. खुर्ची वाळल्यावर मुलाचे काका तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले, तरी ती हलली नाही. तीन बाजूंनी बंद, पुढून उघडी अशी ती खुर्ची बघून आजी म्हणाली, "हे तर मखरच झालं." त्या घरात तिला शेवटपर्यंत मखरच म्हणत. आणि आई म्हणाली, "ताई, हा बसला म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे." ज्या बाईला चार वर्षं एका हाताने स्वयंपाक करावा लागला, तिचं हे वाक्य आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही अशा सहा खुर्च्या केल्या. मृगाचा पाऊस लागला, हवा ओली झाली. आषाढात मखराच्या कडा फुगल्या. मुलाची लाळ जिथे झिरपायची तिथली खळ पुन्हा ओली झाली, पाठीमागच्या बाजूला करडी-हिरवी बुरशी धरली आणि झुरळांनी मैदा खायला सुरुवात केली. वाडीतल्या सुताराने सुचवलं की बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात तसं घालावं, किडा लागणार नाही. पण मोरचूद विषारी आणि मूल खुर्चीची कड चावत बसायचं, म्हणून मी नको म्हटलं. श्रावणापर्यंत सहापैकी चार खुर्च्या टाकून द्याव्या लागल्या. दोन टिकल्या. त्या का टिकल्या हे तेव्हा मला सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वेगळं केलं. उन्हाळ्यात कागदाची खुर्ची फक्त मापासाठी करायची. महिनाभर मुलाला तीत बसवून पाहायचं, कुठे कापावं लागतं, कुठे भर घालावी लागते ते ठरवायचं आणि पावसाआधी सुताराने त्या मापावर फणसाच्या फळीची खुर्ची करायची. हे जमलं. मग मी हे सगळं लिहून काढलं आणि परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवलं. उत्तर सभ्य होतं: मुलं फार थोडी आहेत, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि लेख स्वीकारला गेलाच तर प्रकाशनशुल्क हजार डॉलरच्या वर. त्यांच्या शिस्तीत त्यांचं बरोबर होतं. पण मग ही गोष्ट जायची कुठे? तिला जागाच नव्हती, म्हणून ती माझ्या वहीत राहिली.

तीन वर्षांनी चिपळूणला एका प्रशिक्षणात दापोलीकडच्या एका संस्थेच्या कार्यकर्त्या भेटल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. पुठ्ठ्याची खुर्ची, कडा फुगलेल्या, पाठीवर करडी-हिरवी बुरशी. मी माझ्या फोनमधला फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. दोन्हींत फरक सांगता आला नसता. त्यांच्या बाजूचं दाभोळ आणि आमच्या बाजूचं धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट आहे. माणसं, दुचाक्या, ट्रक, आंबे दिवसभर खाडी ओलांडतात. आमचं फसणं तेवढं अलीकडेच राहिलं, आणि पलीकडच्या मुलांचा एक अख्खा पावसाळा त्यात गेला. नियतकालिक काढायचं आम्ही त्या जेवणाच्या सुट्टीत ठरवलं.

पहिल्या अंकात तीच टिपणी होती. ती ज्या परीक्षकाकडे गेली होती ते पेशाने इंजिनिअर, स्वतः पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, लावून चालणारे. त्यांनी चार प्रश्न विचारले. खळीत मैदा आणि पाणी यांचं प्रमाण काय? मुलांची वजनं किती? खुर्च्या घरात नेमक्या कुठे ठेवल्या होत्या? घरं कौलारू की पत्र्याची? शेवटचे दोन प्रश्न वाचून मी पुन्हा सहाही घरांत गेले. टिकलेल्या दोन्ही खुर्च्या कौलारू घरांत होत्या, आणि दोन्ही घरांतल्या बायकांनी त्या रात्री चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. पावसाळ्यात न वाळणारे कपडे, गोधड्या जिथे टाकतात तिथेच. ऊब आणि धूर, दोन्ही मिळाले होते. फसलेल्या चारपैकी तीन पत्र्याच्या घरांत होत्या. पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि थेंब खाली टपकतात. परीक्षकाने विचारलं नसतं तर मला हे जन्मात सुचलं नसतं. परीक्षण म्हणजे लेख नाकारायची गाळणी, असं पुष्कळांना वाटतं. मला ते तेव्हापासून दुसऱ्या जोडी डोळ्यांसारखं वाटतं. आणि म्हणूनच, "हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर चालणार नाही का?" असं तुमच्यापैकी एकांनी विचारलं होतं, त्याला माझं उत्तर नाही असं आहे. ग्रुपवर अंगठे येतात. कौल की पत्रा, हे कोणी विचारत नाही, आणि तीन वर्षांनी कोणाला शोधूनही सापडत नाही.

समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना मोठ्या रुग्णालयांच्या मर्यादेतून आली. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या दारापर्यंत न्यायची म्हटलं, तेव्हा त्या सेवेत पुनर्वसनही धरलं होतं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग आखला आणि १९८९ मध्ये घरच्या माणसांनी व गावातल्या कार्यकर्त्यांनी वापरायची मार्गदर्शिका काढली. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युनेस्को आणि आरोग्य संघटना यांनी मिळून भूमिका मांडली, २००४ मध्ये ती सुधारली. २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच खांब आले. म्हणजे मूल चालायला लागलं एवढ्यावर काम संपत नाही. ते शाळेत गेलं का, मोठं झाल्यावर कमावतं का, शिमग्याच्या पालखीला इतरांबरोबर असतं का, आणि ग्रामसभेत त्याचं ऐकतात का, हेही त्याच कामात येतं.

आपल्याकडे हे का लागतं, ते आपल्या भूगोलाला विचारा. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांपर्यंत रस्ता जात नाही, पाखाडी जाते. जांभ्याच्या पायऱ्या, पावसात शेवाळलेल्या. नारळावरून किंवा आंब्यावरून पडून कंबरेखाली संवेदना गेलेला माणूस मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत जाऊन शिकून येतो, चाकाची खुर्ची घेऊन येतो, आणि ती खुर्ची पाखाडीच्या तोंडाशी थांबते. पुढचं सगळं घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी शोधायचं असतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची हे रुग्णालय सांगतं. पण सततच्या पावसात पांघरूण आणि कपडे ओलसरच राहतात, ओली कातडी लवकर फाटते, त्याचं काय करायचं हे कोकणातल्या आयांनाच ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणी ते लिहिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या ६९ टक्के ग्रामीण भागात होत्या. पुनर्वसनावरचं लिखाण मात्र बहुतेक शहरातल्या ओपीडीत जन्मतं.

याला अपवाद होता आणि आहे. बंगळूरहून डॉ. माया थॉमस यांच्या संपादनाखाली ‘एशिया पॅसिफिक डिसॅबिलिटी रिहॅबिलिटेशन जर्नल’ निघायचं. २०११ पासून त्याचं नाव ‘डिसॅबिलिटी, सीबीआर अँड इन्क्लुझिव्ह डेव्हलपमेंट’ झालं. विद्यार्थिनी असताना त्याच्या झेरॉक्स प्रती हातात पडल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गावात केलेल्या कामाचंही शास्त्र होतं आणि ते आपल्यासारख्या देशांतली माणसं लिहू शकतात. ते इंग्रजीत आहे आणि त्याची नजर अनेक देशांवर आहे. आमचं मराठीत आहे आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्टीवर आहे. दोन्ही लागतात.

मराठीत असण्याचा आणखी एक उपयोग, जो काम करतानाच कळतो. पुस्तकात ‘शय्याव्रण’ असतं, घरात ‘पाठ सोलली’ म्हणतात. पुस्तकात ‘स्नायूंची ताठरता’, आई म्हणते ‘हा मधेच कडक होतो’. लेखात आम्ही दोन्ही शब्द ठेवतो, कारण गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना दारात दुसराच शब्द ऐकू येणार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. या भाषेत आजचं शास्त्रही लिहिलं जावं, एवढंच मला त्यात जोडायचं आहे.

आता अडचण कुठे आहे ते सांगते.

सगळ्यात मोठी अडचण लेखांची आहे. काम करणारी माणसं लिहीत नाहीत. त्यांना लिहायचं नसतं असं नाही. लिहायची सगळी ताकद देणगीदाराच्या अहवालात जाते, आणि अहवालात फसलेलं काही टाकता येत नाही, पुढचा हप्ता अडेल अशी धास्ती असते. म्हणून प्रत्येक संस्थेच्या कपाटात यशोगाथा आहेत आणि बुरशी धरलेली मखरं आहेत, पण कागदावर फक्त पहिल्या आहेत. आमच्या नियतकालिकात ‘काय फसलं’ हे सदर त्यासाठीच आहे. सगळ्यात जास्त वाचलं जातं तेच, आणि त्यासाठी मजकूर मिळवायला सगळ्यात जास्त फोन करावे लागतात तेही त्यालाच.

दुसऱ्या बाजूला तुमचे प्राध्यापक. त्यांना लिहिता येतं, पण आमच्याकडे लिहून त्यांना काही मिळत नव्हतं. पहिला प्रश्न असायचा, "केअर लिस्टमध्ये आहे का?" म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत. नव्हतं. चांगले लेख त्या एका प्रश्नावर परत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादीच बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवायची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे आमच्याकडे आलेला लेख मोलाचा आहे की नाही, हे आता तुमच्या महाविद्यालयातली समिती ठरवू शकते. तुम्ही आमचे सगळे अंक मागवा, परीक्षकांचे शेरे मागवा, नाकारलेल्या लेखांची संख्या विचारा. आम्ही सगळं उघड करू. कसोटीला उतरलो तर मान्य करा, नाही उतरलो तर कुठे कमी पडलो ते लिहून द्या.

परीक्षकांचं तर विचारू नका. सात-आठ जणांना विनंती करावी तेव्हा दोघं होकार देतात. त्यांचाही दोष नाही. एक लेख नीट तपासायला दोन संध्याकाळी जातात आणि त्या कामाची नोंद त्यांच्या कुठल्याच फॉर्ममध्ये होत नाही.

मग साठवणीचा प्रश्न. आमचे अंक चिपळूणच्या एका डीटीपीवाल्याकडे लागायचे. २२ जुलै २०२१ ला शहरात पाणी शिरलं, तेव्हा त्याच्या दुकानातला संगणक पाण्याखाली गेला आणि पहिल्या चार अंकांच्या मूळ फाइल्सही गेल्या. त्या बिचाऱ्याचं सगळंच गेलं होतं, त्याला काय विचारणार? वेबसाइटची मुदत आम्ही वेळेत वाढवली नव्हती, म्हणून तिथलंही पुसलं गेलं होतं. ती चूक आमची. छापील प्रती जमवून आम्ही सगळं पुन्हा टाइप केलं. एका अंकाची प्रत कुठेच मिळेना. शेवटी सावंतवाडीच्या एका विशेष शिक्षिकेकडे ती निघाली, तिने ती एसटीच्या पार्सलने पाठवली. पानांच्या कडेला तिने पेन्सिलीने आपल्या वर्गातल्या मुलांसाठी नोंदी केल्या होत्या. ती प्रत मी परत केली नाही, तिची परवानगी घेऊन ठेवून घेतली आहे.

पुन्हा टाइप करताना एक जुनं पाप धुतलं गेलं, तेही सांगायला हवं. त्याच्या वर्षभर आधी एका दृष्टिहीन पदवीधर वाचकाचा फोन आला होता. आमचा अंक त्याने संगणकावर उघडला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावला, आणि त्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा असं काहीतरी ऐकू येत राहिलं. कारण अंक जुन्या डीटीपी फाँटमध्ये लागायचा. डोळ्यांना ते मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही. अपंगत्वावरचं नियतकालिक, आणि अंध माणसाला वाचता येत नाही. तो रागावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं ४२ वं कलम माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावी म्हणून आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश आहे. आम्ही हे इतरांना शिकवत होतो. आता सगळे अंक युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत आहेत, प्रत्येक चित्राखाली त्याचं वर्णन आहे, तक्ते वाचता येतील असे बांधलेले आहेत. तोच वाचक आमचा मुद्रितशोधक आहे. त्याला चुका ऐकू येतात, आमच्या डोळ्यांना त्या निसटतात. पण हे करायला प्रत्येक अंकामागे कित्येक दिवस जातात, आणि ते दिवस आजवर तीन माणसांच्या झोपेतून काढलेले आहेत. त्या तिघांतली एक आता नोकरीसाठी पुण्याला गेली आहे.

पैशांचं बोलते म्हटलं होतं. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेत केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना वाचता येतील. हे चांगलंच आहे, आमच्या विद्यार्थिदशेत असं काही असतं तर झेरॉक्स काढत फिरावं लागलं नसतं. पण ती वाचायची सोय झाली. आपल्या पाखाडीवरचं ज्ञान लिहायची सोय आपल्यालाच करायला लागेल, आणि तिला कोटींत पैसे लागत नाहीत. नियतकालिक चालवायची ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणकप्रणाली मोफत आहे. आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळख-क्रमांकालाही पैसे पडत नाहीत. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा.

म्हणून माझी मागणी अशी. किनाऱ्यावरच्या बारा संस्थांनी दरवर्षी प्रत्येकी पंचवीस हजार रुपये द्यावेत. तीन लाख होतात. त्यातून महिना पंधरा हजारांवर एक अर्धवेळ सहायक संपादक, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. ही जागा अपंगत्व असलेल्या व्यक्तीलाच द्यायची, आणि संपादक मंडळातही निम्म्या जागा अशा व्यक्तींच्या, यावर आमची तडजोड नाही. आमच्याविषयी जे काही ठरवायचं ते आमच्याशिवाय नको, हे या चळवळीचं म्हणणं आहे, आणि ते मुखपृष्ठावर छापून आत तीन धडधाकट माणसांनी बसणं मला बरं वाटत नाही. उरलेल्या एक लाख वीस हजारांत वेबसाइट, लेखांचे कायमचे क्रमांक, दोन-तीन वेगळ्या ठिकाणी साठवण आणि वर्षाला दोन लेखनशाळा. चिपळूणसारखं पुन्हा झालं तर एक प्रत कोरड्या जागी असायला हवी. देणारी संस्था मजकुरात ढवळाढवळ करणार नाही, एवढं लेखी हवं. बारापैकी एखादीने हात काढला तरी अंक थांबू नये, म्हणून एका मोठ्या देणगीदारापेक्षा बारा लहान हात मला बरे वाटतात.

पैशांपेक्षा मोठी मागणी दुसरी आहे. प्राध्यापकाने केलेलं परीक्षण आणि संपादन तुमच्या वार्षिक मूल्यमापनात कामाचे तास म्हणून धरा. आणि विद्यार्थी द्या. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक कुठे मिळवायचे असा प्रश्न तुमच्या समन्वयकांना पडतो, मला ठाऊक आहे, मला फोन येतात. दोन विद्यार्थी एका सत्रासाठी आमच्या एका कार्यकर्तीबरोबर फिरू देत. तिने सांगायचं, त्यांनी विचारायचं आणि लिहायचं, लेखावर पहिलं नाव तिचं. अशी तीन टिपणं आमच्याकडे येऊन गेली आहेत. त्यातलं एक निसर्ग चक्रीवादळावरचं आहे. ३ जून २०२० च्या आधी गाडीवरच्या भोंग्यातून सूचना फिरत होत्या, तेव्हा ऐकू न येणाऱ्या एका माणसाला त्या कळल्या कशा, याचं. शेजारणीने त्याच्या पडवीत येऊन हाताने वाऱ्याची खूण केली होती. तेवढ्या एका खुणेवर त्याने आपली होडी वर ओढली. आपत्तीच्या आराखड्यात ती शेजारीण असायला हवी, असं त्या मुलांनी लिहिलं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

अजून एक उपयोग, जो ग्रामपंचायतींचा आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवक मला प्रामाणिकपणे विचारतात, "मॅडम, कशावर करू?" पाखाडीला एका बाजूने कठडा बांधायला किती खर्च येतो, तो बांबूचा किती पावसाळे टिकतो आणि लोखंडी खाऱ्या हवेत किती, हे एकदा तपासून छापलेलं असेल तर पुढच्या गावाला ते विचारावं लागणार नाही. कठड्यावरचा असा एक लेख आत्ता माझ्या टेबलावर आहे, अर्धा तपासलेला. दुसरा परीक्षक मिळालेला नाही. तुमच्या स्थापत्य विभागात कोणी असेल तर आजच कळवा.

पुढचा अंक ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला काढायचं ठरलं आहे. सात लेख आले आहेत, चार तपासून झाले आहेत. गणपतीनंतर मी आणि आमचे मुद्रितशोधक तुमच्यापैकी जे बोलावतील त्यांच्याकडे येऊ. इमारतीला रॅम्प नसला तरी चालेल, बैठक तळमजल्यावर ठेवा, कारण ते इंजिनिअर परीक्षकही सोबत असतील. अंकांचा संच आणू. फणसाच्या फळीची ती खुर्चीही आणू. ती आता त्या मुलाला लहान होते, त्याच्या आईने जपून ठेवली आहे आणि पुढच्या मुलासाठी देऊ केली आहे.

आपली,
गुहागर तालुक्यातली एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट